चौकड्यांचा सोल

बहिणीचं बूटदुरुस्तीचं दुकान आणि भावाला डोंगरांचं वेड, म्हणजे जोडी अगदी जमून आलेली. वीस वर्षं तो एकटाच रानावनात जायचा आणि जाण्याआधी ती त्याच्या बुटांना नवे सोल लावून द्यायची.

"लग्न केलं नाहीस ते बरं झालं, भटक्या. बायकोने आधी बूट लपवले असते."

"म्हणून तर बहिणीवर भागवतोय."

या खेपेला चार दिवसांनी यायचा होता, पाच झाले तरी पत्ता नाही. शोधपथकाच्या प्रमुखाने तिला पहिलंच विचारलं, "बुटाचा सोल कसा आहे, ताई?" तिने कागदावर झरझर चौकड्यांची नक्षी काढून दिली. टाचेजवळचा बारीक त्रिकोणसुद्धा सोडला नाही. "इतकं नेमकं चित्र आजवर कुणी दिलं नव्हतं," तो म्हणाला. जीव टांगणीला लागलेला असतानाही तिला तेव्हा जरा बरं वाटलं होतं, आता खोटं कशाला बोला.

बारा माणसं सहा दिवस चौकड्यांचे ठसे शोधत हिंडली.

सातव्या दिवशी घर खायला उठलं म्हणून तिने दुकान उघडलं. एका गिऱ्हाइकासाठी सोलचा खोका फळीवरून काढला, तर चौकड्यांचा खण रिकामा. रिकामाच असणार. गेल्या महिन्यापासून तो माल आलाच नव्हता. निघायच्या दिवशी भाऊ दारात उभा राहून डोकं खात होता, "अगं, कुठलाही ठोक, मला काय लग्नात मिरवायचंय?" आणि तिने नागमोडी रेघांचे सोल लावून दिले होते. स्वतःच्या हातांनी. विचारल्यावर मात्र तोंडातून वीस वर्षांची सवय बोलून गेली.

गिऱ्हाइकाला तसंच सोडून ती पथकाच्या खोलीत धावली. दारातच भडाभडा सगळं सांगून टाकलं.

प्रमुख खुर्चीत बसला. "नागमोडी? टाचेला तीन आडव्या रेघा?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"शोधाच्या दुसऱ्याच दिवशी तसे ठसे दिसले होते. पलीकडच्या घळीत उतरलेले. मी स्वतः घळीच्या तोंडाशी उभा होतो."

"हाक मारलीत?"

त्याने टेबलावरचा नकाशा उगाचच सरळ केला. "नाही, ताई. म्हटलं, हा आपला माणूस नव्हे."

रागवायचं तरी कुणावर? परवा डोंगरावर गुडघाभर बर्फ पडला होता, आणि भावाच्या पिशवीत खाणं किती होतं हे तिला घासाघासासकट पाठ होतं. डबा तिनेच भरला होता.

"मग उठा ना! सगळ्यांना घेऊन निघा."

"उद्या सकाळी निघतो. चौघं जाऊ."

"उद्या? आणि चौघंच?"

त्याने नकाशाची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "उचलायला चार पुरतात, ताई."