ओल्या रंगावर हळदीचा हात

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. चिमाजी. जीभ झडायची असेल तर झडू दे एकदाची.

पिंपरीला नवी कंपनी उघडली तेव्हा हा तिथं रंगारी म्हणून लागला, पण कच्च्या नोकरीवर. साहेबानं सांगितलं होतं, माझ्या बंगल्याच्या स्वैपाकघरातली लाकडी कपाटं गुळगुळीत रंगवून दाखव, मग कायम करतो, शिवाय राहायला कंपनीची खोलीही देतो. चिखलीतलं आमचं खोपट गळकं. खोलीला नळ आहे, वीज आहे, हे ऐकल्यापासनं माझी सासू अंबूबाई गावभर सांगत सुटली होती, "आता मी लेकाच्या खोलीतच मरणार बघा!"

कामाला मात्र चिमाजी पक्का, खोटं कशाला बोलू. लाकूड घासून तुकतुकीत करायचा. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायचा. सुताचा तंतू रंगावर पडेल म्हणून अंगातला सदरासुद्धा काढून ठेवायचा. पांढरा इनॅमल रंग ब्रशाच्या निम्म्या केसांनाच घ्यायचा आणि शेवटचा हात असा हलका फिरवायचा, की ब्रशाची एक रेघ दिसू नये. त्या वेळी मी जवळ शिंकले असते तर मारलंच असतं मेल्यानं.

दसऱ्याला त्याला सुट्टी नव्हती. साहेब दुपारी कपाटं बघणार होता. आम्ही सासू-सुना भाकरी घेऊन बंगल्यावर गेलो. चिमाजी मागच्या अंगणात रॉकेलमध्ये ब्रश धूत होता. मी स्वैपाकघराच्या पायरीवर भाकरी सोडत होते, तेवढ्यात सासूनं कनवटीची हळदीची पुडी काढून पाण्यात कालवली. दसऱ्याला हत्यारं पुजायची, नव्या वस्तूला हळदीचा हात लावायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं. लेकाचं काम बघून ऊर भरून आला असेल. आत गेली आणि कपाटाच्या सगळ्यात मोठ्या दारावर पाची बोटं दाबली. रंग ओलाच की गं बाई! हात उचलला तशी रंगाची साय हाताबरोबर निघाली.

नेमका साहेब आला. "हे काय? कोण ही बाई?"

आवाज ऐकून चिमाजी धावत आला. त्यानं दाराकडं बघितलं, आईकडं बघितलं. मला वाटलं, आता साहेबाचे पाय धरील, चुकलं म्हणेल.

"कोण जाणे, साहेब," तो म्हणाला. "येडी हाय. गावात हिंडती. कुठनं घुसली, देव जाणे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तोच म्हातारीनं माझ्याकडं असे डोळे वटारले की मी पदराचा बोळा तोंडात धरला. मग ती हसली. दात नसलेलं तोंड वासून, खुळ्यावानी. "येडीच हाय मी, सायेब," म्हणाली, आणि हळदीचा हात स्वतःच्याच तोंडाला फासला.

"मग बघत काय उभा राहिलास?" साहेब चिमाजीवर ओरडला. "हाकल तिला."

त्यानं आईचा दंड धरला आणि फाटकापर्यंत फरफटत नेलं. वाटेत तिची वहाण निसटली, तीही उचलू दिली नाही. परत येऊन दाराचा ओला रंग खरवडून काढला, आणि लाकूड वाळल्यावर घासून नवा हात दिला. साहेब खूश झाला. नोकरी कायम झाली, खोलीही मिळाली.

खोलीत जायच्या दिवशी बैलगाडी दाराशी लागली. सासूनं सगळ्यांच्या आधी आपलं गाठोडं गाडीत टाकलं होतं. चिमाजी खाली मान घालून म्हणाला, "आई, तुला कसं नेऊ? साहेबाचा बंगला समोरच हाय. त्यानं वळखलं म्हंजी?"

"व्हय की रं," म्हातारी म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

गाठोडं तिनं आपल्याच हातानं उतरवलं. जड होतं, घरात नेताना दोनदा खाली टेकवलं. चिमाजी गाडीची दोरी आवळत राहिला, मेला. हात लावायलासुद्धा पुढं आला नाही.