मागच्या खोलीतले रविवार

बाइंडरने मजकूर वाचायचा नसतो. वाचायला लागलं की दुमड वाकडी पडते, असं मला हे काम शिकवणारे म्हातारेबुवा सांगायचे, आणि चाळीस वर्षं मी त्यांचं ऐकलं. डॉक्टरांच्या प्रबंधांपासून शाळांच्या हजेरीपटांपर्यंत किती पानं माझ्या हाताखालून गेली असतील, पण त्यांत काय होतं विचाराल तर मला ओ की ठो ठाऊक नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या शतकपूर्तीचं पुस्तक मात्र मी वाचलं. घरचंच काम होतं. लिहिणारे माझे धाकटे दीर, निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे सेक्रेटरी. तीनशे प्रतींचे फर्मे, म्हणजे छापलेले मोठे ताव, छापखान्यातून घराच्या ओटीवरच्या माझ्या दुकानात येऊन पडले, तेव्हा समारंभाला नऊ दिवस उरले होते. हाडाच्या पट्टीने पहिला फर्मा दुमडला, दुसरा दुमडला. भावोजींनी नमनालाच घडाभर तेल घातलं होतं; पहिले पाळक, म्हणजे पाद्री, इथे आले त्या दिवशीचं हवामानच दोन पानं चाललं होतं. तिसऱ्या फर्म्यात, पान एक्केचाळीसवर, एक वाक्य सापडलं : ‘गावचा कारखाना बंद पडल्यावर मिशनने पाळकांना परत बोलावले व पुढील अकरा वर्षे मंडळी बंद होती.’ आणि त्याच्या पुढच्याच ओळीत नवे पाळक हजर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ती अकरा वर्षं ज्यांनी मंडळी चालवली त्या आतल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. आत्या. माझ्या यजमानांची आत्या, म्हणजे या लेखकमहाशयांचीही सख्खी आत्या. वय एक्याण्णव, डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र शाबूत. यजमान गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना सांभाळतो. चर्चच्या पुढच्या दाराला कुलूप असताना आत्या आणि आणखी आठ बायका मागच्या छोट्या खोलीत दर रविवारी उपासनेला बसायच्या. मी या घरात सून होऊन आले ती त्यानंतर, पण ‘आम्ही मागच्या खोलीत होतो तेव्हा’ हे आत्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्या खोलीचा वाससुद्धा मला सांगता येईल.

“पुस्तक आलं ना?” आतून आवाज आला. “मग वाच की. आमचं काय लिहिलंय?”

खोटं वाचावं असं क्षणभर मनात आलं. पण आत्यांपुढे खोटं बोलायची मला कधी छाती झालेली नाही. जसं होतं तसं वाचलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “माझं नाव नको घालू म्हणावं. कुणाचंच नको. पण बंद होती असं नका लिहू गं. मी जायच्या आत तेवढं एक नीट करा.”

मी चपला घातल्या आणि निघाले.

चर्चमध्ये रंगकाम चाललं होतं. सगळीकडे शिड्या, डबे, जुने कागद पसरलेले. भावोजी ऑफिसात आमंत्रणपत्रिकांवर पत्ते घालत बसले होते. मी ते पान त्यांच्यापुढे आपटलं.

“वहिनी, बसा आधी,” ते म्हणाले. “इतिहास म्हणजे कागद. कागद काय म्हणतो ते बघू.” त्यांनी मंडळीची नोंदवही काढली. “हे बघा. अकरा वर्षांत एक बाप्तिस्मा नाही, एक लग्न नाही, एकदाही प्रभुभोजन नाही. याला बंद नाही तर काय म्हणायचं?”

“अहो, दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय प्रभुभोजन द्यायचं नाही, हा नियम तुमचाच ना? बायकांनी तो पाळला, म्हणून नोंद नाही. एखादीने उठून प्रभुभोजनाची भाकर मोडली असती तर मोठ्या अक्षरांत नोंद झाली असती, आणि चौकशीही बसली असती! नियम पाळला म्हणून तुम्ही त्यांना पुसून टाकणार?”

“मी पुसत नाही. मी कागदाबाहेर जात नाही.” त्यांनी एक पिवळं पडलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. अक्षर मामंजींचं, म्हणजे भावोजींच्या वडिलांचं. तेव्हा सेक्रेटरी तेच होते, मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि शाळाही बंद झाल्यावर बायकापोरांना घेऊन दुसरीकडे बदलीवर गेले. पत्रात लिहिलं होतं : ‘आज्ञेप्रमाणे आजपासून मंडळी बंद केली असून चर्चची किल्ली सोबत पाठवीत आहे.’

“बाबा खोटं लिहितील?” भावोजींचा आवाज जरा चढला. “तुम्ही ओळखत होतात त्यांना.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बायका मागे बसत होत्या असं छापलं की मामंजी एकतर खोटारडे ठरणार, नाहीतर पाठ फिरवून गेलेले. आपलेच दात, आपलेच ओठ. पण म्हणून काय आत्यांची अकरा वर्षं गिळून टाकायची?

“पुरावा आणा,” भावोजी म्हणाले. “लेखी. मग मी बदलतो.”

“आणते. तोवर एकही प्रत शिवणार नाही. समारंभाला तुमचे फर्मे तसेच दोरीने बांधून वाटा.”

बोलून तर बसले, पण पुरावा आणणार कुठून? त्या आठ बायकांपैकी सात देवाघरी गेल्या होत्या. आठवी मुलाकडे परदेशी, तिला स्वतःचं नाव आठवत नाही. गेलेल्यांपैकी एकीच्या घरी गेले तर तिच्या सुनेने सांगितलं की सासूबाईंचं सामान कधीच काढून टाकलं. तीन दिवस असे गेले. घरी आले की आत्या विचारायच्या नाहीत, नुसता चेहरा माझ्याकडे वळवायच्या. ते मला जास्त लागायचं.

चौथ्या दिवशी सकाळी चर्चचा रंगारी माझ्या दुकानाच्या दारात उभा. हातभर रंग, तोंडावर वैताग.

“मावशी, तुम्हाला शाईचं कळतं ना? ते मागच्या खोलीतलं कपाट, पाळकांचे झगे टांगायचं. दाराला आतून खाकी कागद चिकटवलेला होता, तो मी खरवडला. खाली सगळे आकडेच आकडे. म्हटलं पोरांनी गिरबटलं असेल. एक हात मारला रंगाचा, दुसऱ्या दिवशी आकडे वर. दुसरा हात मारला, पुन्हा वर! सेक्रेटरी म्हणतील मी रंगात पाणी घातलं. काय लावू यावर?”

“काही लावू नका,” मी म्हणाले. “कुंचल्याला हात लावलात तर याद राखा.”

तशीच चर्चमध्ये गेले आणि कपाटाची दोन्ही दारं उघडी टाकली. क्रीम रंगातून जांभळट आकडे उमटले होते, वरपासून खालपर्यंत, दोन्ही दारांवर. डावीकडे तारीख, पुढे तीन आकडे. खाली पुन्हा तारीख, पुन्हा तीन आकडे. सगळं एका हातचं. त्या अकरा वर्षांत आत्या इस्पितळाच्या कपडेखान्यात होत्या. चादरींवर वॉर्डाचे नंबर घालायचं त्यांचं काम. ती शाई शंभर धुण्यांत जात नाही, रंगाची काय कथा!

मी भावोजींना अक्षरशः मनगट धरून मागे नेलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

“गाण्यांचे नंबर आहेत,” ते हळूच म्हणाले. गायनाच्या पुस्तकातले नंबर, दर रविवारी तीन. मग हेडमास्तर जागे झाले. स्टूल घेऊन बसले आणि पट्टी लावून ओळी मोजायला लागले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पाऊण तासाने उठले. पाचशे बहात्तर रविवार. एकही तारीख चुकलेली नव्हती.

“पण एका तारखेपुढे आकडे नाहीत,” ते म्हणाले. “नुसती रेघ आहे. त्या दिवशी उपासना झाली नसणार.”

जित्याची खोड! पाचशे एकाहत्तर डोळ्यांसमोर असताना हे महाराज त्या एका रेघेचा कीस पाडत होते. “चला,” मी म्हणाले, “जिने रेघ ओढली तिलाच विचारा.”

आत्या खुर्चीत बसल्या होत्या. कपाटाचं सांगितलं तसा त्यांनी तोंडाला पदर लावला. “अजून आहे ते? नवे पाळक यायच्या आदल्या दिवशी मीच कागद डकवला होता. आल्या आल्या त्या माणसाला काय वाटेल म्हणून. म्हटलं, मेलं असेल खाली.”

“पण आत्या, आकडे कशाला लिहायचात?”

“अगं, आम्हा नऊजणींना येत होती किती गाणी? तीच तीच चार म्हणत बसायचो. मग मीच नियम घातला. एकदा घेतलं की सहा आठवडे ते गाणं पुन्हा घ्यायचं नाही. नवी शिकावीच लागली मग. लिहून ठेवल्याशिवाय लक्षात राहतंय होय?”

भावोजी पुढे वाकले. त्यांनी तारीख सांगितली. “आत्या, तिथे रेघ आहे गं. त्या रविवारी तुम्ही जमला नव्हता का?”

आत्यांना तारीख दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

“जमलो होतो,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी माझ्या मुलीला पुरलं. सहा वर्षांची होती. खड्डा खणायला माणसं मिळाली, पण कबरीशी पवित्र शास्त्र वाचायला पाळक कुठे होता? मीच उभी राहून वाचलं. रविवारी सगळ्या आल्या. गाणं काढलं होतं, पण माझ्या गळ्यातून निघेना, मग कुणीच गायलं नाही. तासभर नुसत्या बसलो. गायलो नाही म्हणून आकडा नाही लिहिला. खोटं कशाला लिहू? पण बंद नव्हतो रे. त्या दिवशी तर मुळीच नव्हतो.”

मला त्यांना मुलगी होती एवढंच ठाऊक होतं. बाकीचं चाळीस वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

भावोजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, “बाबांना माहीत होतं का गं, तुम्ही बसायचात ते?”

“दादाला?” आत्या पहिल्यांदा हसल्या. “मग मागच्या खोलीची किल्ली मला कुणी दिली? जायच्या दिवशी सकाळी माझ्या शिवणयंत्रावर ठेवून गेला. एक शब्द बोलला नाही. पत्रात पुढच्या दाराचं लिहिलं त्याने. मिशनची नोकरी, घरात चार पोरं. मी कुठे बोलले असते तर त्याला घरी बसवलं असतं.”

“पण बाबांना जाऊन वीस वर्षं झाली, आत्या! आता तरी सांगायचंस.”

“तू विचारलंस कधी?”

हेडमास्तर आत्यांचे हात धरून बसले, आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मला त्यांची पहिल्यांदाच दया आली.

त्याच संध्याकाळी त्यांनी नवं पान लिहिलं आणि आत्यांना तीनदा वाचून दाखवलं. आत्यांनी स्वतःचं नाव खोडायला लावलं, ‘अतुलनीय’ आणि ‘वंदनीय’ हे शब्द खोडायला लावले, आणि मामंजींच्या किल्लीचं वाक्य मात्र ठेवायला लावलं. छापखान्याने एका दिवसात तीनशे पानं, वर थोडी जादा, दिली. मग खरं काम. जुनं पान कापायचं, शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवायची आणि तिच्यावर नवं पान खळीने चिकटवायचं. असं तीनशे वेळा, आणि मग शिवण, पुठ्ठा, कापणी. हातात चार दिवस. शेजाऱ्यांनी समारंभ पुढे ढकला म्हणून सुचवलं. मी म्हटलं, एक्याण्णव वर्षांच्या बाईला पुढे ढकला म्हणू नये. भावोजी रोज सकाळी आठला हजर व्हायचे. त्यांच्या हातात खळीचा ब्रश म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पहिली दहा पानं त्यांनी उलटी चिकटवली आणि स्वतःच्या बाहीला अकरावं. पण चौथ्या दिवशी तीनशेवी प्रत दाबयंत्रातून निघाली. पान एक्केचाळीस बोटाला जरासं जाड लागतं. ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

रविवारी चर्च भरून गेलं. आत्यांना पहिल्या बाकावर बसवलं. भावोजी व्यासपीठावर चढले आणि इतिहासातलं एकच पान वाचायला घेतलं, नवं. आवाज खणखणीत होता. नऊ बायका, मागची खोली, पाचशे बहात्तर रविवार, शिवणयंत्रावरची किल्ली. मग ‘एका रविवारी गाणे झाले नाही’ या वाक्याशी आले आणि अडकले.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आत्यांचा आवाज आला. “एकशे सदतीस.”

पेटीवाल्याने वळून बघितलं. पाळकसाहेबांनीही.

“त्या दिवशी ते काढलं होतं,” आत्या म्हणाल्या. “राहून गेलं. आज घ्या.”

पानं उलटल्याचा आवाज झाला आणि सगळे उभे राहिले. आत्या बसूनच गायल्या, पुस्तकाशिवाय, चारही कडवी. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. भावोजी तिथेच, कठड्याला धरून गात होते, नेहमीसारखे बेसूर.

उपासना संपली. लोक आत्यांच्या भोवती जमले, कुणी हात हातात घेत होतं, कुणी पुस्तकावर सही मागत होतं. आत्यांनी त्या सगळ्यांना बाजूला सारून माझा दंड धरला.

“आधी मागे जाऊन कपाटावर तो आकडा लिहून ये,” त्या म्हणाल्या. “आणि पेटीवाल्याला सांग, आता सहा आठवडे ते गाणं घ्यायचं नाही.”