निळ्या ठिपक्याचं गरम पाणी

मित्रांनो, मी एक जुना नळ आहे. खरं सांगायचं तर अर्धाच नळ आहे, कारण माझा खालचा भाग करवतीने कापला गेला. तो का कापला, हे कळायला तुम्हाला सगळी गोष्टच ऐकावी लागेल.

कारखान्यात पितळ ओतून मला घडवलं, वर चकचकीत मुलामा दिला आणि दोन मुठी बसवल्या. डावीवर लाल ठिपका, म्हणजे गरम पाणी. उजवीवर निळा, म्हणजे गार. कुठल्याही शहाण्या नळाची हीच रीत असते.

मला विकत घेणारे गृहस्थ छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं ओळीत लावण्यात त्यांची हयात गेली होती. प्लंबर कशाला हवा, असं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच बेसिनखाली उताणे झोपले. उलटं वाचायची सवय आणि त्यात खालून वर बघणं! त्यांना डावं ते उजवं वाटलं आणि पाइपांची अदलाबदल झाली. बायकोने गार पाण्यासाठी निळी मूठ फिरवली आणि चटकन हात मागे घेतला.

"अहो, छापखाना घरी आणलात की," ती हसत म्हणाली.

"उद्या बदलतो," ते म्हणाले.

तो उद्या काही उगवला नाही. घरालाच माझी सवय झाली. पाहुणा हात धुवायला गेला की बाहेरून कुणीतरी हाक द्यायचं, "निळं गरम आहे हो, जपून!" त्यांची मुलगी तर शाळेत चित्र काढताना वाफाळत्या पाण्याला निळा रंग देऊन आली. बाईंनी कपाळाला हात लावला, घरी मात्र सगळे पोट धरून हसले. आई रोज कोरड्या फडक्याने मला पुसायची आणि माझ्यात तिचा चेहरा दिसायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे गृहस्थ गेले. मग आईची नजर गेली. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं दिसेनाशी झाली, मग माणसांचे चेहरे. शेवटी नुसता उजेड-अंधार कळायचा. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती आली की तिचं एकच पालुपद असायचं.

"आई, एकटी नको राहूस. माझ्याकडे चल."

"इथे माझ्या हातांना सगळं ठाऊक आहे गं," आई म्हणायची. "तुझ्याकडे मी आंधळी होईन."

मित्रांनो, हे खोटं नव्हतं. आई न्हाणीघरात यायची, तिचा हात हवेत एकदाही न चाचपडता थेट माझ्यावर पडायचा. गार पाण्याला डावीकडे, गरमाला उजवीकडे. त्या क्षणी तिला कुणी आंधळी म्हटलं नसतं.

पण मी म्हातारा झालो होतो. माझे वॉशर कितीदा बदलले तरी मी बुडातून झिरपायचो आणि खालची फरशी ओली व्हायची. एके दिवशी आईचा पाय घसरला. बेसिनचा काठ हाती लागला म्हणून बचावली. मुलगी धावत आली. प्लंबर नुसता "येतो, येतो" म्हणत राहिला, तेव्हा तिने वडिलांसारखीच बाही वर केली. नवा नळ आणला, पाना आणला. माझा नट गंजून घट्ट बसला होता. तेल घालून झालं, पान्याने ओढून झालं, शेवटी करवत आली. मला दुखलं, पण राग आला नाही. आईने त्याच घरात सुखाने राहावं, यासाठीच तर ती घाम गाळत होती.

नव्या नळाला मुठी नव्हत्या, मधोमध एकच दांडा होता. डावीकडे ढकलला की गरम, उजवीकडे की गार. खोक्यातल्या कागदावर चित्र होतं, तसेच तिने पाइप जोडले. कितीतरी वर्षं ती सुलट्या नळांच्या घरात राहत होती. आपल्या घरातलं पाणी उलटं आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आई, बघ तरी! आता एक थेंब गळणार नाही," ती म्हणाली. गीझर तापलेलाच होता.

आई हौसेने आली. तिचा हात सवयीने डावीकडे गेला. मूठ लागली नाही, दांडा लागला. तिने तो डावीकडेच सारला आणि गार पाण्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

ती भाजलेले हात पोटाशी धरून खाली बसली.

"माझं चुकलं आई," मुलगी रडत म्हणाली. "मी आत्ता पाइप बदलते. पहिल्यासारखं करते."

तिने खरोखरच पाइप उलटे जोडले. पण आई पुन्हा त्या नळाजवळ गेली नाही. स्वयंपाकघरातही ती प्रत्येक वस्तूला आधी बोटाच्या टोकाने भीत भीत शिवू लागली. हातांच्या जखमा भरून आल्या तेव्हा ती म्हणाली, "डोळे गेले तेव्हा हातांवर भरवसा होता. आता त्यांचाही नाही. मला घेऊन चल."

मुलीने मला परत बसवायचाही विचार केला होता. वर्तमानपत्रावरचे माझे दोन तुकडे तिने जुळवून पाहिले आणि गुपचूप खाली ठेवले.

मित्रांनो, गळका नळ जरूर बदला. म्हाताऱ्या वस्तूंनी जागा अडवून बसावं, असं मी म्हणणार नाही. पण ती वस्तू ज्यांच्या हातांना पाठ झाली आहे, त्यांना आधी विचारा. त्यांचा हात धरून दोन दिवस त्यांच्यासोबत तिथे उभे राहा.

मुलीने माझा वरचा तुकडा भंगारात दिला नाही. तिच्या घरी बेसिनवरच्या फळीवर मला ठेवलंय. सकाळी आई येते. मुलीने तिला इथला नळ परोपरीने समजावून दिला आहे, तरी ती त्याला हात लावत नाही. रिकामी ओंजळ पुढे धरते आणि कुणीतरी येऊन पाणी सोडेपर्यंत तशीच उभी राहते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर असतो, पण माझ्यात पाणी नाही.