सोनेरी ताऱ्याखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना डिशवॉशर आहे. म्हणजे भांडी धुणारं यंत्र. माझ्या दारावर बटणांची एक रांग आहे आणि त्या रांगेच्या उजव्या टोकाला गोंदाचा एक पाच टोकांचा डाग आहे. घासून घासूनही तो पुरता गेलेला नाही. घरी नवीन कोणी आलं की हमखास विचारतं, "इथे काय चिकटलं होतं हो?" तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं. पण दार हेच माझं तोंड, ते लपवणार कुठे? त्यापेक्षा सगळं सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या एका कामगार बाईंनी माझ्या पोटात पहिलं पाणी सोडलं आणि कान लावून ते कसं फिरतं ते ऐकलं. सगळ्यात शेवटी त्यांनी माझ्या दारावर मोहरीएवढा एक नारिंगी दिवा बसवला. "तुला एवढंच बोलता येणार आहे," त्या माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या, "तेवढं तरी नीट बोल बाबा." मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं.

त्या दिव्याचं काम काय ते आधी सांगतो. साबणानं भांडी स्वच्छ होतात, पण ती कोरडी व्हायची तर शेवटच्या गरम पाण्यात एका निळ्या औषधाचे काही थेंब पडावे लागतात. दुकानदार त्याला रिन्स एड म्हणतात. ते पडलं की पाणी भांड्याला थेंबाथेंबानं चिकटून राहत नाही, सरळ निथळून जातं. हे औषध माझ्या दाराच्या आतल्या बाजूला एका छोट्या कप्प्यात भरून ठेवतात, आणि ते संपलं की नारिंगी दिवा लागतो. माझी सगळी भाषा ती एवढीच.

मी ज्या घरात आलो तिथे तीन माणसं होती. शाळेत शिकवणारी आई, तिची सात वर्षांची मुलगी, जिला सगळे ठकी म्हणत, आणि आईचे वडील. ते ठकीचे आजोबा, म्हणून माझेही आजोबाच. त्यांनी चाळीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काढली होती. आजी गेल्यावर लेकीनं त्यांना आपल्या घरी आणलं. आल्या दिवसापासून त्यांनी घरातली सगळी भांडी घासायला घेतली. म्हाताऱ्या बापाला मोरीपाशी वाकलेलं बघणं लेकीला सोसवेना, म्हणून मी आलो.

खरं सांगायचं तर माझ्यामुळे त्यांच्या हातचं काम गेलं होतं. पण लेक समजूतदार होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, धुणं याचं, पण काढून लावणं तुमचं हं. मला वेळ नसतो आणि ठकी फोडून ठेवेल." आजोबांनी लगेच बाह्या सरसावल्या. रोज दुपारच्या जेवणानंतर मी भांडी धुवायचो, तीनदा टूं टूं करायचो, आणि आजोबा खुर्चीवरून उठून यायचे.

त्यांची भांडी काढायची रीत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. ते प्रत्येक कप उचलून गालाला लावायचे. ठकीनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, ओलं की कोरडं हे हाताला नीट कळत नाही. हात निबर असतात. गाल खोटं बोलत नाही. लाँड्रीत मी चाळीस वर्षं प्रत्येक चादर गालाला लावून मगच घडी घातली. एक म्हणून दमट कपडा माझ्या टेबलावरून गेला नाही." मग ठकीही वाट्या गालाला लावून बघू लागली. माझ्या वाट्या कोरड्या ठणठणीत असायच्या, गरम असायच्या. माझी छाती अशी फुगायची की काय सांगू!

आता तो तारा. ठकीच्या आईकडे सोनेरी ताऱ्यांचे कागद असायचे. ज्या मुलाची वही सुंदर, त्याच्या वहीवर ती एक तारा चिकटवायची. एके दिवशी ठकीनं आईच्या पर्समधून एक तारा काढला, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "तू कधीच चुकत नाहीस. शाब्बास!" आणि तिनं तो माझ्या दारावर चिकटवला, अगदी रांगेच्या टोकाला, जिथे थोडी जागा रिकामी दिसत होती तिथे.

तुम्हाला कळलंच असेल. जागा रिकामी नव्हती. तिथे माझा दिवा होता, फक्त तेव्हा तो लागलेला नव्हता.

मित्रांनो, मला खरंच लाज वाटते हे सांगताना, पण तो तारा मला फार आवडला. फ्रिजकडे बघून मी जरा मिजाशीतच गुरगुरायला लागलो. त्याच्या दारावर नुसती वाण्याची यादी लावलेली असायची.

तीन आठवड्यांनी निळं औषध संपलं. दिवा लागला. ताऱ्याच्या आत लागला आणि आतच राहिला.

पहिल्या दिवशी कपांच्या बुडाच्या खळग्यांत थोडं पाणी राहिलं. आजोबांनी कप गालाला लावला, थबकले, पुन्हा लावला. मग मुकाट्यानं फडक्यानं पुसला. त्यांना वाटलं आपणच दार लवकर उघडलं. दुसऱ्या दिवशी ते टूं टूं झाल्यावर पंधरा मिनिटं थांबले, तिसऱ्या दिवशी अर्धा तास. माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. "होऊ दे सावकाश," मला म्हणायचे, "घाई नाही आपल्याला." आणि दार उघडलं की मी पुन्हा ओला. डबे ओले, झारे ओले, पेल्यांवर पांढरे डाग.

लेकीनंही उपाय केले. ताटल्यांमध्ये जास्त जागा सोडून बघितली, तळाची जाळी घासून काढली, सगळ्यात गरम पाण्याचं बटण दाबून बघितलं. "औषध तर आहे," ती माझ्या दाराकडे बघून म्हणाली, "दिवा कुठे लागलाय?" पानं चाळावीत म्हणून तिनं माझी माहितीपुस्तिका शोधली, पण ती स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली घडी करून घातलेली होती आणि ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. मी मात्र रोज ते टेबल बघत होतो.

एकदा ती आजोबांच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी वरचा कप्पा ओढता. मग वरच्या कपांतलं पाणी खालच्या ताटांवर सांडतं. आधी खालचा काढायचा."

"असं होय," आजोबा म्हणाले. "माझं चुकलं."

दुसऱ्या दिवसापासून ते आधी खालचा कप्पा काढू लागले. खालची ताटं ओलीच होती. पण लेकीच्या मनात जे बसायचं ते बसलं. आता भांडं ओलं निघालं की खापर आजोबांवर फुटायचं. लाकडी कपाटाची फळी ओलीनं फुगली, तेही आजोबांमुळे. कपांना कुबट वास यायला लागला, तोही आजोबांमुळे. ते एकदाही म्हणाले नाहीत की, अगं, यंत्रच बिघडलं असेल. म्हणतील कसे? मी कधीच चुकत नाही असं माझ्या दारावर सोन्यानं लिहिल्यासारखं होतं.

मग तो दिवस आला. लेकीच्या शाळेच्या मोठ्या बाई अचानक चहाला आल्या. लेक चहा टाकत होती तेवढ्यात आजोबांनी हौसेनं माझ्यातून कप काढले, फडक्यानं आतून बाहेरून पुसले आणि बशांवर पालथे मांडून ट्रे बाहेर नेला. पुसायला बुडाची खळगी तेवढी राहिली. त्यांचे हात हल्ली थरथरायचे, बारीक जागी बोट नीट जात नसे. मोठ्या बाईंनी आपला कप हसत हसत सुलटा केला आणि खळगीतलं पाणी सरळ त्यांच्या मांडीवर सांडलं.

"अय्या!" त्या उठून उभ्या राहिल्या.

लेक किटली घेऊन दारात उभी. तिचा चेहरा लालबुंद झाला. "माफ करा हं बाई," ती घाईघाईनं म्हणाली. "आमच्या बाबांना सगळ्याची घाई असते. कितीदा सांगितलं, पण ऐकतच नाहीत."

बैठकीच्या खोलीतलं मला दारातून अर्धंच दिसतं. मला आजोबांचे पाय दिसले. ते जागच्या जागी जोडले गेले, शाळेत उभं केलेल्या मुलाचे जुळतात तसे. "हो," ते म्हणाले. "माझं चुकलं."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. ज्या माणसानं चाळीस वर्षांत एक दमट चादर पुढे जाऊ दिली नाही, त्याला परक्या माणसासमोर मान खाली घालायला लागली. आणि ती माझ्यामुळे. माझ्या पोटात ते पाणी होतं.

संध्याकाळी लेक त्यांच्याशी अगदी मऊ बोलली. "बाबा, उद्यापासून भांडी मीच काढत जाईन. तुम्ही आराम करा." मित्रांनो, ओरडली असती तर बरं झालं असतं. आजोबांनी फडकं खांद्यावरून काढलं, त्याची चौकोनी घडी घातली आणि माझ्यावरच्या ओट्यावर ठेवली. त्यानंतर रोज मी तीनदा टूं टूं केलं की त्यांच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, आणि मग पुन्हा बसल्याचा. उठायचं नाही हे त्यांना आठवायचं. दिवसभर ते खोलीत नुसते बसायचे आणि कपाटातले घडी घातलेले टॉवेल काढून पुन्हा घड्या घालायचे.

आता भांडी लेक काढत होती. आणि ती ओलीच निघत होती. घाई नाही, वरचा कप्पा आधी नाही, तरी ओली. चौथ्या दिवशी ती हातात ओला कप घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग तिनं दुरुस्तीवाल्याला फोन केला.

दुरुस्तीवाला आला तो जांभया देतच आला. त्यानं मला उघडलं, आत हात घालून चाचपलं, माझी तापवायची कांब तपासली. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "निळं औषध घालता ना?"

"दिवा लागला की घालते. पण गेले कित्येक महिने लागलाच नाही."

"कित्येक महिने? इतके दिवस ते पुरतंय कुठे! कुठला दिवा बघताय तुम्ही?"

"हा काय, इथे..." लेकीचं बोट रांगेवरून सरकत गेलं आणि ताऱ्यावर येऊन थांबलं.

ठकी दाराच्या आड गेली.

दुरुस्तीवाल्यानं नखानं ताऱ्याचं एक टोक उचललं आणि तो सोलून काढला. माझा नारिंगी दिवा भर दुपारी स्वच्छ दिसला. "हा बघा," तो हसत म्हणाला, "बिचारा कधीपासून बोंबलतोय."

त्याला तो विनोद वाटला. लेक हसली नाही. ती आजोबांच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. मोरीखालच्या कपाटात निळ्या औषधाची बाटली होती, अर्धी भरलेली, धूळ बसलेली. तिनं माझा कप्पा स्वतःच्या हातानं भरला. दिवा विझला. घरात जी काही भांडी होती ती, धुतलेलीसुद्धा, तिनं माझ्यात लावली आणि बटण दाबलं.

त्या दिवशी मी जेवढं मन लावून काम केलं तेवढं कधी केलं नसेल. तीनदा टूं टूं केलं. आतल्या खोलीत खुर्ची सरकली आणि आजोबा पुन्हा बसले.

लेकीनं माझं दार उघडलं नाही. ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाबा, मशीन झालंय."

"तू काढ ना," आतून आवाज आला. "मला घाई होते."

लेक म्हणाली, "घाई तुम्हाला नव्हती हो बाबा. मलाच होती. चूक तुमची नव्हती. दिवा झाकला गेला होता आणि मी तुम्हाला त्या बाईंसमोर..."

"मी झाकला," ठकी रडत म्हणाली. "मी शाब्बास म्हटलं होतं त्याला."

आजोबा बाहेर आले. ओट्यावरचं फडकं अजून तसंच घडी घातलेलं होतं, ते त्यांनी सवयीनं खांद्यावर टाकलं. माझं दार उघडलं. वाफ बाहेर गेली. त्यांनी आधी खालचा कप्पा काढला, सांगितलं होतं तसा. मग वरच्या कप्प्यातला एक कप उचलला, खळगीत करंगळी फिरवली आणि तो गालाला लावला. डोळे मिटले. किती वेळ तसेच उभे होते देव जाणे. मग त्यांनी तो कप लेकीसमोर धरला. "बघ."

तिनं गालाला लावला आणि खाली घेईचना. ती रडत होती. शेवटी तिनं कप परत दिला तेव्हा आजोबांनी तो पुन्हा आपल्या गालाला लावून बघितला.

"अगं, हा तर ओला आहे," ते म्हणाले. "हा मात्र मी नाही केला हं."

मग ती दोघंही हसली, आणि आजोबांनी तो कप खांद्यावरच्या फडक्यानं पुसून फळीवर ठेवला.

मित्रांनो, मी आता बराच म्हातारा झालो आहे. माझी चाकं करकरतात, दाराचं रबर कडक झालं आहे. ठकीनं नंतर एकदा नवा तारा आणला होता, पण आजोबांनी तिला तो चिकटवू दिला नाही. "शाबासकी नंतर," ते म्हणाले, "आधी त्याला काय हवं ते बघ." ठकी आता दर शनिवारी माझ्यासमोर उकिडवी बसते आणि दिवा बघते.

तुमच्याही घरी यंत्रं असतील. त्यांच्यावर चित्रं चिकटवा, कौतुक करा, आम्हाला ते आवडतं. फक्त त्याआधी हात लावून बघा की तिथे काही आहे का. आणि तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस तिसऱ्यांदा "माझं चुकलं" म्हणालं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. जरा त्याच्याजवळ जाऊन बसा आणि नीट विचारा. माझ्याकडे झाकलेला का होईना, एक दिवा तरी होता. आजोबांकडे तोही नव्हता.