चुंबक सुटला ती जागा

प्रदर्शनाच्या परीक्षक बाईंनी लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून आणला होता, रंगाला ओरखडा नको म्हणून. उजव्या दारावर, मग मागच्या मडगार्डवर तो असा घट्ट बसत होता की दर वेळी बाईंना ओढून काढावा लागे. धाकट्या भावाचा जीव मात्र भांड्यात पडायला तयार नव्हता. डावी बाजू अजून व्हायची होती.

"अख्खा पत्राच आहे? हातानं ठोकलेला?" बाईंनी विचारलं.

"हातानंच. अण्णांनी केलाय. माझे थोरले भाऊ."

अण्णा गाडीमागे इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभे होते. तीस वर्षं हातोडी चालवून त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे कौतुक असो की टीका, ते एकसारखीच मान हलवायचे.

जुन्या गाडीचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर गिऱ्हाइकाच्या मनातली गाडी उभी करायची, हा दोघा भावांचा धंदा. पत्रा अण्णांचा, इंजिन, जोडकाम आणि बोलणं धाकट्याचं. काम चोख होतं, पण नाव गल्लीच्या टोकाबाहेर गेलं नव्हतं. पाटीवर एकच ओळ होती: 'आम्ही पुट्टी भरत नाही.' बाकीच्या दुकानांत पत्रा जरा वाकडा राहिला की वर पुट्टीचा लेप चढवतात, घासतात, रंग मारून मोकळे होतात. अण्णांच्या लेखी ती फसवणूक. या प्रदर्शनात हातघडणीच्या विभागात निवड झाली, की लांबलांबचे लोक दुकान शोधत येतात. दोन वर्षं त्यांचा अर्ज परत आला होता. यंदा बोलावणं आलं होतं.

बाई डावीकडे आल्या. मडगार्डच्या मध्यावर चुंबक अलगद सुटला आणि त्यांच्या तळहातात पडला. पुन्हा लावला. पुन्हा सुटला.

"इथे पुट्टी आहे." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "कोणी भरली?"

'मी.' एका अक्षराचं उत्तर, धाकट्याच्या ओठांपर्यंत आलेलं. तेवढ्यात शेजारच्या गाडीचा रंगवाला ओरडला, "पाटी बदला राव! 'आम्ही पुट्टी दाखवत नाही' असं लिहा!" चार माणसं हसली आणि ते अक्षर घशातच राहिलं.

"मी भरली," सुटलेल्या चुंबकाकडे बघत अण्णा म्हणाले. "हात म्हातारा झाला, बाई. चुकलं ते झाकलं."

बाईंनी चुंबक परत फडक्यात गुंडाळला. "उजवी बाजू इतकी सुरेख आहे हो तुमची. दोन्ही तशाच असत्या तर..." आणि त्यांनी कागदावर दोघांच्या नावावर रेघ मारली.

पुट्टी धाकट्यानं भरली होती. दोन महिन्यांपूर्वी वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "भाऊजी, यांच्या हातातून कप सुटतो हो आजकाल. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झालीत. मी सांगितलं म्हणू नका." त्या आठवड्यात डावं मडगार्ड तयार झालं. अण्णा घरी गेल्यावर धाकट्यानं त्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं. सरळ यायला हवी ती रेघ मध्ये वाकत होती. 'गेला हात,' त्याच्या मनात आलं. थोरल्या भावाला त्याची चूक दाखवायची कशी? त्यानं वाकलेली जागा भरून सपाट केली, घासली आणि वर अस्तराचा रंग मारला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिथे हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि उजवी बाजू ठोकायला बसले. त्यांना कळलं नाही, असं धाकट्याला वाटलं होतं. बरं वाटलं होतं.

घरी पोचल्यावर वहिनीनं दारातच विचारलं, "काय झालं?"

"माझ्यामुळे गेलं," अण्णा चपला काढत म्हणाले. "याला आधी खायला दे. सकाळपासून उपाशी आहे हा."

धाकट्यानं इथेही खरं सांगितलं नाही. बाहेर चारचौघं हसणारी होती. इथे कोण होतं? तो जेवला. चव कसलीच लागली नाही.

सकाळी लवकर दुकानात जाऊन त्यानं मडगार्ड खरवडायला घेतलं. निदान अण्णांची चूक तरी डोळ्यांनी बघावी, म्हणजे आपलं पाप थोडं हलकं होईल, असा त्याचा हिशेब. पुट्टीच्या खपल्या पडल्या. खाली हातोडीचे खड्डे दिसायला हवे होते. दिसला तो बारीक कानशीनं घासून, पॉलिश करून आणलेला एक उथळ खोलगट भाग, दारापासून चाकापर्यंत एका दमात गेलेला. चुकीला कोणी एवढं लाडानं घासत नाही.

त्यानं शेडचं दार पूर्ण उघडलं. उजेड त्या खोलगट भागातून घरंगळत मागे गेला आणि उभी गाडी निघाल्यासारखी दिसली.

दारामागच्या खिळ्याला अण्णांचे पुठ्ठ्याचे नमुने होते. डाव्या बाजूच्या पुठ्ठ्यावर तोच बाक, पेन्सिलीनं काढलेला. उजव्या बाजूच्या पुठ्ठ्यावरही तोच. पण तो खोडून त्यावर एक सरळ रेघ ओढली होती. धाकट्यानं सपाट केलेल्या बाजूला जोड मिळावी म्हणून अण्णांनी आपली दुसरी बाजू सपाट ठोकली होती. बाईंना सुरेख वाटली ती हीच.

"खरवडलंस?" मागे अण्णा उभे होते.

"अण्णा, सांगायचं तरी होतंत..."

"तू विचारलंस कुठे?" त्यांनी डावा तळवा पत्र्यावरून फिरवला. तेव्हा कुठे धाकट्याच्या लक्षात आलं, की बोटं बधिर झाल्यापासून ते डाव्या हातानं बघत होते. रोज समोर. "मला वाटलं, तुला दिसलं ते मला दिसलं नसेल. माणसाला स्वतःच्या हाताची शंका येते रे."

"मी बाईंना पत्र लिहितो. पुट्टी मी भरली म्हणून."

"लिही," अण्णा म्हणाले आणि हातोडी शोधू लागले.

पत्र गेलं. उत्तर आलं, पुढल्या वर्षी अर्ज करा. वहिनीलाही त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच रात्री कळलं होतं भाऊजी, आमटी अळणी होती तरी तुम्ही मीठ मागितलं नाहीत तेव्हाच." आणि त्याच्या ताटात वाढत राहिली.

काम पुन्हा सुरू झालं. उजव्या मडगार्डात अण्णा आता तो बाक उतरवताहेत. एक गोष्ट मात्र नवीन झाली आहे. तीस वर्षांत कधी केलं नाही ते अण्णा करतात. पाच-दहा ठोके घालतात, थांबतात आणि हाक मारतात.

"बघ रे, बरोबर आहे का?"

"बरोबर आहे, अण्णा," धाकटा इंजिनातूनच म्हणतो.

"असं नाही. हात लावून सांग."

मग तो हात पुसत येतो, पत्र्यावर तळवा ठेवतो. पत्रा ठोक्यांनी अजून गरम असतो. त्याच्या हाताला त्यातलं काहीएक कळत नाही. आणि अण्णा हातोडी खाली ठेवून उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे बघत उभे असतात.