'बरं हाय' म्हणणाऱ्या बाईंचा मोबाइल

मित्रांनो, हा जो तडकलेल्या काचेचा, दमलेल्या बॅटरीचा जुना मोबाइल, तो मी. टिळकवाडीतल्या एका दुकानातून दीपंकरअण्णांनी मला बायकोसाठी घेतलं आणि मी निपाणीला आलो. त्यांची बायको, म्हणजे माझ्या सुविधाबाई, शाळेत शिकवायच्या. काय माझा तोरा तेव्हा! स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो मीच काढायचो.

मग सांबऱ्याच्या रस्त्यावर त्यांची स्कूटर घसरली. हाडं जुळली, पण पाठीचं दुखणं काही केल्या जाईना. डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला माझ्यात मनाच्या आरोग्याचं एक ॲप घालून दिलं. "रोज खरं सांगायचं," असं बजावलंही. त्यातला आवाज सावकाश श्वास घ्यायला शिकवायचा, आणि खरंच, बाईंची माझ्यावरची पकड सैल व्हायची.

पण तो आवाज रोज विचारायचा, "आज कसं वाटतंय?" खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत चेहरे. आता आमच्याकडची खोड अशी, की जीव जात असला तरी विचारणाऱ्याला 'बरं हाय' म्हणायचं. बाई ॲपलासुद्धा तेच सांगायच्या! घामेजल्या हाताने मला आवळायच्या आणि हसरा चेहरा दाबायच्या. मला त्या हाताची भीती वाटू लागली.

एका दुपारी त्या पुटपुटल्या, "असं जगून तरी काय करायचं?" आणि हसरा चेहरा दाबला.

"खूप छान! अशाच आनंदी राहा," आवाज म्हणाला.

घरात खरं काय ते मला एकट्याला ठाऊक, आणि मला तर स्वतःचं तोंड नाही! "आता श्वास आत घ्या," आवाज सांगू लागला, तेवढ्यात माझी बॅटरीच संपली. पडदा काळा. बाईंना हुंदका आवरेना.

सासूबाई यल्लव्वा परसातून धावत आल्या. "काय झालं गं?"

"काय न्हाय, आत्ती. बरं हाय."

यल्लव्वांनी मला बाईंच्या हातातून काढून बाजूला ठेवलं आणि बाईंचा हात धरला. "तंबाखूच्या इड्या वळून वळून माझी बी कंबर मोडली. मी बी समद्यास्नी असंच सांगतो. आता परत इचारतो, खरं सांग."

बाई सगळं बोलल्या. ते जगण्याचंही. तशाच दोघी डॉक्टरांकडे गेल्या.

दुखणं अजून आहे. माझी भीतीही पुरती गेलेली नाही. पण आज सकाळी बाईंचं बोट हसऱ्या चेहऱ्यापाशी गेलं, थांबलं आणि रडक्यावर टेकलं.

मित्रांनो, मला जपा, वेळेवर चार्ज करा. पण घरात कुणी 'बरं हाय' म्हणालं, तर माझ्याकडे बघत नुसतं 'हं' म्हणू नका. मला खाली ठेवा आणि परत एकदा विचारा.