मास्तरांच्या तोंडातलं मिठाचं पाणी

माझा मेहुणा शिंपी आहे. अख्खा रस्ता त्याला मास्तर म्हणतो. टाचण्या खोचायला दुकानात छान गादी आहे, पण मास्तर त्या तोंडात धरतो. अशाने माणूस गप्प बसत असेल असा तुमचा समज असेल, तर तुम्ही मास्तरला पाहिलेलं नाही. ओठांच्या एका कोपऱ्यात तो टाचण्या ठेवतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातून जगाला सल्ले देतो.

या दुहेरी वाहतुकीत शेवटी अपघात झाला. टाचणी हिरडीत घुसली. हिरडी सुजली, गालाला आतून फोड आले, तरी बोलणं चालूच.

नेमकी तेव्हाच त्याची लेक निघायच्या बेतात होती. तिचा हात बापाहून सफाईदार, पण तिने वाक्य सुरू करायचं आणि मास्तरने संपवायचं, अशी दुकानाची रीत. पलीकडच्या मोठ्या दुकानाने तिला बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

"आतोबा, मी जातेच," ती मला म्हणाली. "सांगायला तोंड उघडावं, तर बाबांचं आधीच उघडं असतं."

इकडे गिऱ्हाइकं फुकट उपाय शिवून देत होती. कुणीतरी लवंग सुचवली. मास्तरने अख्खी लवंग थेट फोडावर दाबली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तोंड मिटलं नाही.

मग आमची ही आली. मास्तरची थोरली बहीण.

"आ कर."

"ताई, काही नाही गं, जरासं..."

"आ कर म्हटलं ना! अरे, हे तोंड आहे की टाचण्यांची डबी?"

तिने टाचण्या गादीत खोचायला लावल्या. तिखट, आंबट, कढत बंद. वाटलं तर थंड दूध, नाहीतर बर्फाचा खडा चघळायचा. ब्रश मऊ घ्यायचा. बरं वाटलं नाही तर मुकाट्याने दातांच्या डॉक्टरकडे. मग कोमट पाण्यात मीठ विरघळवून तिने पेला पुढे केला.

"तोंडात धर, हळूहळू खुळखुळव. गिळू नकोस."

मास्तरने मोठा घोट भरला. गाल फुगले. दुकानात शांतता पसरली. शिलाई मशीन आवाज करतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लेक समोर उभी होती. तिने ओळखलं, हीच वेळ.

"बाबा, शाळेतल्या सरांचा कोट. फळ्यावर लिहायला हात उचलला की अख्खा कोट वर चढतो. तुम्ही दरवेळी मुंढा मोठा करता, म्हणून जास्तच चढतो. बाहीचा मुंढा काखेशी वर घ्यायला हवा. कोट जागेवर राहील, हात मोकळा होईल."

मास्तर "उंऽऽ" म्हणाला. भुवया कपाळभर फिरल्या. मोरी मागच्या बाजूला, वाटेत लेक. पाणी खुळखुळवत तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली. बोटाने त्याने मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथली, कड चाचपली. भुवया थांबल्या.

"मी हे कधीपासून सांगतेय," ती म्हणाली. "इथे ऐकत नसाल, तर मी जाते."

मास्तर मोरीवर गेला, चूळ टाकली. आम्हाला वाटलं, आता धरण फुटणार!

तो परत आला. लेकीकडे पाहिलं. पेला उचलला, दुसरा घोट तोंडात भरला आणि हाताने खूण केली: पुढे बोल.

ती बोलली. बाह्या, कॉलर, खिसे. पेला संपेपर्यंत ती बोलत होती. संध्याकाळी तिने त्या दुकानाला नकार कळवला.

तोंड बरं झाल्यावर मास्तर ताईचे आभार मानायला घरी आला. आभार पटकन आटोपले. मग सुरू झाला लेकीचा कोट: सरांनी हात कसा उचलला, कोट कसा जागचा हलला नाही, पोरीने मुंढा कसा कापला. चहा झाला, जेवण झालं, कोट चालूच. आमची ही पदराने डोळे पुसत होती. आणि मी, या माणसाला गप्प करायचे अनेक मार्ग शोधलेला मी, त्याला म्हणालो,

"बरं मग? कॉलरचं काय झालं?"